वाक्य संपतं आणि पद सुरू होतं तिथे

संगीत नाटकातल्या नटीची खरी परीक्षा तानेत होत नाही. ती होते संवादाचं शेवटचं वाक्य आणि पदाचा पहिला शब्द यांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत. गाणारी बाई मैफिलीला बसते तेव्हा तानपुरे आधीपासून बोलत असतात, श्रोता गाणं ऐकायलाच आलेला असतो. रंगमंचावरची ‘सौभद्र’मधली सुभद्रा मात्र आत्ताआत्तापर्यंत बोलत होती, रागावली होती, दारातून धावत आत आली होती. आणि आता तिने गायचं आहे, तेही असं की ‘आता ही गायला लागली’ असं कुणाच्या मनात येऊ नये. हा सांधा ज्या नटीला जमला ती गायक-नटी. बाकीच्या चांगल्या गायिका असतात, चांगल्या नट्याही असतात, पण दोन निरनिराळ्या बायका एका नऊवारीत वावरल्यासारखं वाटत राहतं.

या सांध्याची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. बाईच्या सर्वसाधारण बोलण्याचा सूर सेकंदाला दोनशे कंपनांच्या आसपास असतो. काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. तिथे धरलेला षड्ज, म्हणजे गाण्याचा आधारस्वर ‘सा’, सुमारे २०८ कंपनांचा. म्हणजे काळी चारमध्ये गाणारी नटी शांतपणे बोलत असते तेव्हा तिचं बोलणं आपोआप तिच्या षड्जाच्या आजूबाजूलाच फिरत असतं. ही निसर्गाने दिलेली मोठी सोय आहे. अडचण येते ती भावना चढल्यावर. संतापाचं वाक्य बोलताना आवाज नकळत गंधारावर जातो, कधी पंचमालाही लागतो. तिथून पदाचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, खालच्या षड्जावर सुरू झाला की उंच पायरीवरून एकदम जमिनीवर पाय आपटल्यासारखं होतं. म्हणून जाणती नटी शेवटचं अर्धं वाक्य उतरतं ठेवते. राग तसाच राहतो, धार शब्दांत येते, आणि सूर मात्र मुखड्याच्या जवळ येऊन थांबतो. मुखडा वरच्या सुरावर उठणारा असेल तर उलट करायचं, चढलेलं वाक्य तसंच पदात सोडायचं. कोणतं पद कुठल्या स्वरावर उठतं हे संहितेत त्या वाक्यापाशी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असावं. चाल पाठ असली तरी ते लिहिलेलं हवं, कारण प्रयोगाच्या भरात वाक्याची उंची लक्षात राहत नाही.

ऑर्गनवाला इथे निम्मा भागीदार. पदाआधीच्या दोन वाक्यांखाली त्याने सूर धरायचा असतो, तो इतका हलका की नटीला कळावा आणि तिसऱ्या रांगेला कळू नये. सूर मोठा आला की प्रेक्षक सावरून बसतात, खोकले उरकून घेतात, आणि प्रसंग तिथेच तुटतो. सूर उशिरा आला तर त्याहून वाईट. नटी अंदाजाने उठते, अर्धी श्रुती इकडेतिकडे होते, मागून ऑर्गन येतो आणि ते वेगळेपण उघडं पडतं. ऑर्गनची पट्टी वाकत नाही, सारंगीसारखी ती नटीकडे सरकत नाही. सरकावं लागतं नटीलाच, पहिल्याच शब्दावर, आणि तेही चूक सुधारतो आहोत असं न दाखवता. अशा वेळी पहिला स्वर सरळ न धरता खालून छोटीशी मींड घेऊन, म्हणजे सूर न तोडता सरकवत, त्यावर यायचं, म्हणजे सुधारणाच अलंकारासारखी दिसते.

सांधा जोडण्याचे तीन रस्ते रूढ आहेत. शेवटचा शब्दच पदाच्या सुरावर टेकवणं हा पहिला. दुसऱ्यात मध्ये एखादी हालचाल ठेवतात, म्हणजे दोन पावलं चालणं, वळणं, पदर सावरणं, आणि त्या अवकाशात सूर ऐकू येतो. तिसरा मला सगळ्यांत सुंदर वाटतो. पदाची पहिली ओळ जवळजवळ गद्यासारखी म्हणायची, तबल्याशिवाय, आणि ती पुन्हा घेताना सुरात शिरायचं. ठेका दुसऱ्या वेळी उचलायचा. यात तबलजीने घाई केली की सगळा डाव फसतो. पहिल्या ओळीवरच त्याने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवली तर नटीला बोलता येत नाही, तिला लयीत बसावंच लागतं.

आज या पदांकडे पाहताना एक गोष्ट सहज विसरली जाते. नायिकांची जुनी पदं बायकांच्या गळ्यासाठी बांधलेलीच नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आलं आणि १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’. त्या काळी नायिका पुरुषच करत. आधी भाऊराव कोल्हटकर, आणि १९०५ पासून किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व. ‘मानापमान’ (१९११) ची भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ (१९१९) ची सिंधू या भूमिकांना सूर मिळाला तो बालगंधर्वांच्या गळ्यातून. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चाली अजोड आहेत, पण त्यांच्यासमोर गळा होता पुरुषाचा.

१९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर रंगभूमीवर आल्या, १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या. त्याआधी बायका रंगमंचावर नव्हत्याच असं नाही, बायकांच्याच स्वतंत्र मंडळ्याही होत्या. पण घरंदाज प्रेक्षकांसमोर स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी आणि स्वतः गावं, हे इथून रुळत गेलं. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येक नटीपुढे तोच व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. पुरुषाच्या गळ्याला सुखाचं असलेलं पद आपल्या पट्टीत उचलून आणलं की अंतरा, म्हणजे पदाचा वर चढणारा पुढचा भाग, कुठल्या कुठे उंच जातो.

याचं कारण आवाजाच्या घडणीत आहे. काळी पाचमध्ये तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, सुमारे ४६६ कंपनांचा, तार गंधार ५८७ च्या घरात. ‘इ’ आणि ‘उ’ या स्वरांना ज्या गुंजनामुळे आपण ओळखतो, त्यातलं खालचं गुंजन तीनशे-चारशेच्या आसपास असतं. गायचा सूर त्याच्या वर गेला की तोंड उघडावंच लागतं, आणि ‘प्रीती’ची ‘प्रेते’ होते. दोष उच्चाराचा नसतो, तिथे तो स्वर बसतच नाही. म्हणून अंतऱ्याच्या टोकावर ‘ई’कारान्त शब्द आला तर अनुभवी नटी शब्द खालच्या सुरावर स्पष्ट म्हणून घेते आणि वरची उडी ‘आ’कारावर मारते. नवख्या मुली शब्द आणि उंची दोन्ही एकदम साधायला जातात आणि शेवटी किंचाळी उरते. पट्टी अर्ध्या सुराने खाली घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रेक्षकाला पट्टी कळत नाही, शब्द कळतो.

द्वंद्वगीतात हा प्रश्न दुप्पट होतो. नायक काळी एक, नायिका काळी चार, म्हणजे मध्ये पंचमाचं अंतर. दोघांनी एका षड्जावर गायचं तर कुणीतरी झिजणार. बहुतेक वेळा नायिकाच खाली येते, पांढरी चार किंवा काळी तीनपर्यंत, आणि तिचे मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, शब्द पाचव्या रांगेपुढे जात नाहीत. चांगला संगीतकार हे आधीच ओळखून तिच्या ओळी मध्य सप्तकाच्या वरच्या अंगाला ठेवतो आणि नायकाच्या खालच्या. तबलजीचंही काम वाढतं. गजरा, म्हणजे तबल्याच्या कडेची वेणी, ठोकून तबल्याचा सूर फार तर अर्ध्या-एक सुराने हलतो, काळी एकचा तबला काळी चारला नेता येत नाही. म्हणून त्याच्यापुढे वेगवेगळ्या पट्ट्यांचे तीन-चार तबले मांडलेले असतात आणि संवाद चालू असताना, आवाज न करता, पुढचा तबला जुळवून तयार ठेवावा लागतो. प्रसंगाचा क्रम त्यालाही नटीइतकाच पाठ लागतो.

जयमाला शिलेदार (१९२६–२०१३) यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहते. इंदूरला जन्मलेली प्रमिला जाधव ही मुलगी बालगंधर्वांच्या परंपरेत शिरली, खुद्द बालगंधर्वांबरोबर रंगमंचावर उभी राहिली, आणि तरी तिने त्यांची नक्कल केली नाही. गंधर्वगायकीतला शब्दाचा लाड तिने घेतला आणि तो स्त्रीच्या गळ्यात बसवला. जयराम शिलेदारांबरोबर ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था १९४९ मध्ये पुण्यात उभी राहिली. त्यानंतरची कितीतरी वर्षं, सिनेमाने संगीत नाटकाचा प्रेक्षक नेला असतानाही, सौभद्र-स्वयंवर-मानापमान गावोगाव जिवंत राहिलं त्यात या घराचा वाटा फार मोठा आहे. दोन्ही मुली, लता म्हणजे पुढच्या दीप्ती भोगले आणि कीर्ती, त्याच रंगपटात वाढल्या. संस्था चालवणाऱ्या नटीला पडदा उघडण्याआधी तिकीटविक्री, ट्रक, मुक्काम, आजारी पडलेल्या नटाच्या जागी दुसरा, हे सगळं बघावं लागतं आणि मग तोंडाला रंग लावून रुक्मिणी व्हावं लागतं. २०१३ मध्ये पद्मश्री आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) यांच्या वाट्याला आलेली ‘स्वरसम्राज्ञी’ ही भूमिका गळ्याच्या दृष्टीने विलक्षण अवघड. विद्याधर गोखल्यांच्या या नाटकात तमाशात गाणारी मुलगी शास्त्रीय गायिका होते, आणि संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं. एकाच रात्रीत आधी फडावरचा खुला, छातीतून फेकलेला, कडा ठेवलेला आवाज, आणि पुढे रागदारीचा गोल, आतून भरलेला आवाज. क्रम उलटा असता तर सोपं गेलं असतं. तापलेल्या गळ्याने शेवटी लावणी ठोकता येते. पण लावणीच्या जोराने स्वरतंतूंवर सूज आली की नंतरचा मंद्र लागत नाही आणि हलके स्वर फाटतात. म्हणून सुरुवातीच्या गाण्यांत ठसका लागतो तो शब्दांच्या आघाताने आणणं, घशाच्या जोराने नाही, हाच उपाय उरतो. ‘ठ’, ‘ट’, ‘क’ यांवर जीभ जोरात आपटली की लावणीचा रंग येतो, आणि गळा पुढच्या अंकासाठी शाबूत राहतो.

रियाज उभ्याने करावा, हे माझं ठाम मत आहे. बसून तयार केलेला दमसास उभं राहिल्यावर बदलतो, चालल्यावर आणखी बदलतो. साधा हिशेब आहे. मध्य लयीचा त्रिताल मिनिटाला १२० मात्रांचा धरला तर सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं. स्वस्थ उभी असलेली नटी एका श्वासात ते सहज भरते. धावत आत आलेली असेल तर तोच श्वास चार-पाच सेकंदांत संपतो आणि ओळ ‘खाली’वरच, म्हणजे आवर्तनाच्या मध्यावर, तुटते. म्हणून धावत्या प्रवेशानंतर लगेच पद असेल तिथे दिग्दर्शकाने मध्ये दोन वाक्यं सहकलाकाराला दिलेली असतात, ती दम घ्यायला दिलेली असतात. संहिता आटपशीर करताना हीच वाक्यं कापली जातात आणि मग नटीचा आवाज बसलाय अशी तक्रार येते.

जमिनीवर बसून विलाप करायचा असेल तर दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसू नये. एक पाय मुडपून, एक बाजूला टाकून, पाठ सरळ ठेवली तरच पोटात श्वास उतरतो. खरं रडू आलं तर पद संपलंच म्हणून समजा. नाक चोंदतं, घसा आवळतो, स्वर वर सरकतात. रडणं दाखवायचं ते श्वासातून. शब्दाआधी एक छोटा अडखळलेला श्वास, आणि शब्दाचा शेवट न धरता सोडून देणं, एवढ्यावर सिंधू रडते आणि नाट्यगृहही.

शब्द तोडण्याबाबत मात्र माफी नाही. ‘अबला’ या शब्दात ‘अ’वर हरकत, म्हणजे सुरांचा छोटा फिरका, घेऊन मग ‘बला’ म्हटलं की अर्थ उलटा होतो आणि करुण प्रसंगात हशा येतो. पद शिकताना आधी ते वीस वेळा गद्यासारखं वाचावं, क्रियापद कुठे आहे ते शोधावं, अर्थ कुठे पुरा होतो तिथे खूण करावी. श्वास त्या खुणांवर. चाल त्यानंतर. जुन्या पदांत शब्दांचा क्रम छंदासाठी उलटासुलटा झालेला असतो, त्यामुळे हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि शिकायला सुरुवात साकी-दिंडी या जुन्या, साध्या पद्यप्रकारांपासून व्हावी. आज मुली पहिलंच पद घेतात ते तानांनी भरलेलं, कारण स्पर्धेत तेच चालतं. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, सोळा आणि बारा अशा. दिंडीत एकोणीस, नऊ आणि दहा. ताल जखडून टाकत नाही, चाल लहानशी, सगळा भार सांगण्यावर. बोलणं आणि गाणं यांच्या बरोबर मधली जागा ही. दिंडी म्हणताना समोरच्याला काहीतरी सांगितलं जातंय असं वाटलं, की पुढची अवघड पदं आपोआप नाटकात राहतात.

प्रयोगाच्या दिवशी जेवण तीन तास आधी आणि अर्धपोटी, कारण भरल्या पोटाने गाताना आम्ल वर येतं आणि स्वरतंतू जळजळतात. आवाज तापवणं रंगभूषेच्या आधी, पंधरा-वीस मिनिटं, मंद्रात ‘आ’कार, तोंड मिटून गुणगुणणं. एकदा रंग लावायला बसलं की ओठ हलवता येत नाहीत. चेहऱ्यावर पावडर मारताना श्वास रोखून धरायचा, ती बारीक भुकटी घशात गेली की पहिला अंकभर कोरड जात नाही. नऊवारी नेसताना पोट श्वासाने पूर्ण भरून मग गाठ मारायची. रिकाम्या पोटावर गाठ बसली की तान अर्धी होते, आणि मध्यंतरापर्यंत सोडताही येत नाही. नथ चापाची आणि हलकी. जड नथ वरच्या ओठावर आली की ‘प’, ‘ब’, ‘म’ अडखळतात. बांगड्या माईकजवळच्या हातात कमी. पूर्वी पुढच्या झालरीपाशी ठेवलेले माईक त्यांचा आवाज पकडत नसत. आता माईक केसांच्या कडेला किंवा छातीशी असतो, आणि प्रत्येक किणकिण शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

या माईकने आणखी एक बदल केला, तो मला पूर्ण मान्य नाही. माईक नव्हता तेव्हा शब्द फेकायचा म्हणजे व्यंजन घट्ट आणि स्वर पुढे, दातांपाशी. आता कुजबुज सुद्धा ऐकू जाते म्हणून व्यंजनं सैल झाली आहेत. गाणं गोड होतं, पण काय म्हणतेय ते कळत नाही. माईक लावूनही फेक जुनीच ठेवावी, फक्त जोर कमी करावा.

पद संपतं, टाळ्या पडतात, आणि दुसरा सांधा सुरू होतो, परतीचा. टाळ्या चालू असताना नजर प्रेक्षकांकडे गेली की सुभद्रा गेली. पाहायचं ते समोरच्या पात्राकडेच, आणि पुढचं वाक्य टाळ्या पूर्ण थांबायच्या जरा आधी, पदाच्या शेवटच्या सुराजवळून उचलायचं. ‘वन्स मोअर’ आला तर पूर्ण पद नको, ध्रुवपद आणि अंतऱ्याचा उत्तरार्ध पुरे. तबला दुसऱ्या वेळी हटकून चढतो, म्हणून उठतानाच किंचित ठाय, म्हणजे संथ, उठावं. आणि सहकलाकार तोपर्यंत जायला निघाला असेल तर त्याला परत वळवण्यासाठी एक हाताची खूण ठरलेली असावी, नाहीतर तो विंगेच्या तोंडाशी अवघडून उभा राहतो.

प्रयोगानंतर गप्प बसावं. पण कुजबुजू नये, कुजबुजीनेही घशाला ताण पडू शकतो. कोमट पाणी, थोडी वाफ, दोन मिनिटं पुन्हा मंद्रात हलकं गुणगुणणं. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्वरतंतूंना सूज असते, तार सप्तक जड जातं. त्या दिवशी पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्या असं ऑर्गनवाल्याला सांगायला लाजू नये. जुन्या साथीदारांना ते सांगावं लागत नसे, पहिल्या संवादावरून ते ओळखत.

पन्नाशीनंतर गळा स्वतःहून खाली येतो. काळी पाचची काळी चार होते, मग पांढरी पाच. जी नटी हे मान्य करत नाही तिचा तार षड्ज ताणलेला, थरथरता ऐकू येतो, आणि तिच्यावर प्रेम करणारे प्रेक्षकही कानकोंडे होतात. जी मान्य करते तिच्या करुण पदांना नवीन खोली येते, कारण मध्य सप्तकाच्या खालच्या अंगात शब्दाला वजन असतं. मग भूमिका सुटतात आणि तालमी सुरू होतात. तरुण मुलगी समोर उभी, पायपेटीवर सूर धरलेला. थोरली नटी तिला पद म्हणू देत नाही. पदाआधीचं ते एक वाक्य बोल म्हणते. मुलगी बोलते. पुन्हा बोल. पुन्हा. चौदाव्या-पंधराव्या वेळेला वाक्याचा शेवट पेटीच्या सुरावर येऊन टेकतो, कुणी न सांगता, आणि मुलगी दचकून वर बघते. “हं,” थोरली म्हणते, “आता म्हण.”